विचारवंतांचे मौन

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाली आहे आणि प्रसाद अजून व्हायचा आहे, अशा मधल्या वेळेत वक्त्याला उभे करण्याची आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. मोदकांचा वास इथपर्यंत येतो आहे, तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. कार्यवाहांनी विषय दिला तो असा, की डावे विचारवंत काही आंतरराष्ट्रीय संघर्षांवर इतके भरभरून बोलतात आणि काहींवर मूग गिळून गप्प का बसतात? विषय ऐकून दोन-तीन जणांनी मला आधीच सांगितले, "काका, आज चांगले झोडपा हं त्यांना!" झोडपायला मला हरकत नाही. पण झोडपताना काही फटके माझ्या स्वतःच्या पाठीवर पडणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे वडील बंगाल-नागपूर रेल्वेत होते. त्या रेल्वेने नागपूर-विदर्भाकडची किती मराठी कुटुंबे या शहरात आणून सोडली, हे या सभागृहात वेगळे सांगायला नको. माझे शिक्षण इथेच झाले. १९६८ साली मी कॉलेजात होतो. त्या वर्षी नोव्हेंबरात जागतिक बँकेचे अध्यक्ष म्हणून रॉबर्ट मॅक्नामारा कलकत्त्यात आले. आधी ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते आणि व्हिएतनामचे युद्ध त्यांच्या नावाशी जोडलेले होते. त्यांच्याविरुद्ध शहर रस्त्यावर उतरले. त्या गर्दीत मीही होतो. "तोमार नाम, आमार नाम, व्हिएतनाम" ही घोषणा मी घसा बसेपर्यंत दिली आहे. अमेरिकेची वकिलात ज्या हॅरिंग्टन स्ट्रीटवर आहे, त्या रस्त्याला हो चि मिन्ह यांचे नाव देण्यात आले. वकिलातीच्या प्रत्येक पत्रावर शत्रूचे नाव छापले जावे, ही या शहराची खास थट्टा! मला आजही त्या घोषणेची लाज वाटत नाही. माय लाय गावातल्या बायकामुलांची कत्तल मार्च १९६८ मधली, आणि ती जगाला कळली १९६९च्या अखेरीस. त्या युद्धाविरुद्ध ओरडणारे बरोबर होते.

पुढची गोष्ट मात्र तितकीशी अभिमानाची नाही.

१७ एप्रिल १९७५ रोजी कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह हे शहर खमेर रूज नावाच्या कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडले. तेरा दिवसांनी सायगाव पडले. आम्ही मित्रांनी दोन्ही बातम्यांवर संदेश वाटला. एका साम्राज्याला दोन छोट्या देशांनी हरवले, एवढेच आम्हाला दिसत होते. पण नॉम पेन्हमध्ये त्याच दिवशी काय सुरू झाले होते? निर्वासितांमुळे फुगलेल्या त्या शहरात वीस लाखांच्या आसपास माणसे होती. ती सगळी काही दिवसांत शहराबाहेर हाकलली गेली. इस्पितळातले रोगीसुद्धा खाटांसकट रस्त्यावर आले. नोटा रद्द झाल्या, बाजार बंद झाले, शाळा बंद झाल्या, देवळे बंद झाली. पुढच्या तीन वर्षे आठ महिन्यांत उपासमार, आजार, श्रमछावण्या आणि फाशीबिशीची तसदी न घेता केलेल्या हत्या, यांत साधारण पंधरा ते वीस लाख माणसे गेली. देशाची लोकसंख्या होती पाऊण कोटीच्या थोडी वर. म्हणजे या सभागृहात दोनशे माणसे आहेत असे धरा. चाळीस-पन्नास खुर्च्या रिकाम्या झाल्या.

हे कोणी केले? अडाण्यांनी? पोल पॉट पॅरिसमध्ये शिकायला होता. त्यांचा एक प्रमुख नेता ख्यू सांपान पॅरिसचा अर्थशास्त्राचा डॉक्टर. सर्वांत भयंकर तुरुंगाचा प्रमुख 'दुच' हा पूर्वीचा गणिताचा शिक्षक. तेव्हा शिक्षणाने माणूस आपोआप शहाणा होतो, हा आपला गोड समज आधी बाजूला ठेवू या.

आता मौनाकडे येतो. बातमी बाहेर येतच नव्हती असे नाही. फ्रान्स्वा पाँशो नावाचे एक फ्रेंच धर्मगुरू १९६५ पासून कंबोडियात राहिले होते, त्यांना तिथली भाषा येत होती. त्यांनी थायलंडच्या सीमेवर पोचलेल्या आणि फ्रान्समध्ये आलेल्या निर्वासितांच्या कहाण्या गोळा केल्या, नॉम पेन्ह रेडिओवरच्या घोषणांशी त्या ताडून पाहिल्या आणि १९७७ मध्ये पुस्तक काढले. त्यावर झाँ लाकुतूर या पत्रकाराने लिहिले. हे गृहस्थ डाव्या विचारांचे, हो चि मिन्ह यांचे चरित्रकार. त्यांच्या लेखात काही आकडे आणि अवतरणे चुकली. नोम चॉम्स्की आणि एडवर्ड हर्मन यांनी त्या चुकांवर बोट ठेवले आणि जून १९७७ मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकात लेख लिहिला. त्यांचा रोख असा की अमेरिकी वृत्तपत्रे निर्वासितांच्या कथा फुगवून सांगत आहेत, आणि अमेरिकेने स्वतः त्या देशावर टाकलेल्या बॉम्बवर्षावाबद्दल बोलत नाहीत. न्यायाने सांगायचे तर, खरे काय ते आपल्याला ठाऊक आहे असा दावा त्यांनी केला नव्हता. आणि बॉम्बवर्षावाची गोष्ट खोटी नव्हती. १९६९ ते १९७३ अमेरिकेने कंबोडियावर लाखो टन बॉम्ब टाकले, सुरुवातीला तर स्वतःच्या संसदेपासून लपवून. पण वाचकाच्या मनावर परिणाम व्हायचा तो झालाच. "बघा, सगळा प्रचार आहे," असे म्हणायला आमच्यासारख्यांना थोरांचा आधार मिळाला.

लाकुतूर यांनी चुका छापून दुरुस्त केल्या, मूळ म्हणणे मात्र सोडले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक छोटे पुस्तक लिहून, आपण या लोकांची तरफदारी केली होती याची जाहीर खंत व्यक्त केली. माझ्या लेखी मोठेपणा तो.

आता माझे. १९७७ सालच्या अखेरीस एका इंग्रजी नियतकालिकात मी त्या निर्वासितांविषयी वाचले. रात्रभर झोप लागली नाही. आमचे एक छोटे अभ्यासमंडळ होते, दर शनिवारी जमायचे. मी ते कात्रण घेऊन गेलो. तिथले सर्वांत ज्येष्ठ होते दादा. नाव सांगत नाही, सगळे त्यांना दादाच म्हणत. फाळणीनंतर बारिसालहून आईचा हात धरून आलेले, जादवपूरच्या निर्वासित वसाहतीत वाढलेले, कामगार संघटनेत आयुष्य घालवलेले. पगारातला अर्धा पैसा संघटनेला देणारा माणूस. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून एक कोटी लोक आपल्याकडे आले, तेव्हा सॉल्ट लेकच्या छावणीत पावसाळाभर चिखलात उभे राहून दादांनी लोकांना भात वाढला होता.

दादांनी कात्रण वाचले, घडी घातली आणि शांतपणे म्हणाले, "निर्वासितांचं काय घेऊन बसलास? पळून आलेला माणूस वाढवूनच सांगतो. हा शत्रूचा प्रचार आहे."

माझ्या ओठांवर प्रश्न आला होता, "दादा, तुम्ही स्वतः कोण? एकाहत्तर साली आपण ज्यांचं ऐकलं ते कोण होते?" पण खोलीत दहा-बारा जण होते, सगळे माझ्याकडे पाहत होते. मी कात्रण पिशवीत ठेवले. कोणीतरी चहा मागवला. विषय संपला. बंधुभगिनींनो, मौन असे असते. त्याला काही मोठे कारस्थान लागत नाही. एक कप चहा पुरतो.

त्या मौनाची कारणे मी गेली कित्येक वर्षे शोधतो आहे. मला चार सापडली.

पहिले कारण, शत्रूच्या हातात कोलीत नको. आपल्या बाजूचे पाप आपणच बोललो तर समोरच्याचे फावेल, ही भीती. घराण्यातली भानगड जशी चार भिंतींत ठेवतात, तसे हे. १९५६ साली हंगेरीत असेच झाले. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये उठाव झाला, ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे शहरात शिरले, सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले, दोन लाख देश सोडून गेले. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकाचा बातमीदार पीटर फ्रायर तिथे होता. त्याने डोळ्यांनी पाहिले ते लिहून पाठवले. त्याच्याच वृत्तपत्राने ते छापले नाही. त्याने राजीनामा दिला, पुस्तक लिहिले, आणि पक्षाने त्याला काढून टाकले. खोटे लिहिले म्हणून नव्हे. नको ते खरे लिहिले म्हणून.

दुसरे कारण, अर्धवट संशय. सरकारे खोटे बोलतात, हे व्हिएतनामने आम्हाला शिकवले होते. चांगला धडा होता. पण आमचा संशय एकाच डोळ्याचा झाला. वॉशिंग्टनहून आलेली बातमी चाळणीतून गाळायची आणि आपल्या बाजूची बातमी तीर्थ म्हणून प्यायची! आपल्याकडे म्हण आहेच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. लंडन विद्यापीठातले एक प्राध्यापक माल्कम कॉल्डवेल खमेर रूजचे कट्टर समर्थक होते. डिसेंबर १९७८ मध्ये दोन अमेरिकी पत्रकारांबरोबर ते नॉम पेन्हला सरकारी पाहुणे म्हणून गेले. २२ तारखेला पोल पॉटला भेटले, आनंदात परतले. त्याच रात्री अतिथिगृहात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. कोणी आणि का मारले, याचा निर्विवाद उलगडा आजवर झालेला नाही. मला त्यांची टवाळी करायची नाही. पण ज्यांच्यावर त्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, त्यांच्याच पाहुणचारात ते गेले.

तिसरे कारण, चौकटीत न बसणे. अमेरिका आहे, साम्राज्यवाद आहे, पीडित देश आहे, की मग घोषणा तयार असते. पण दोन्हीकडे लाल झेंडे असतील तर? एप्रिल १९७८ मध्ये खमेर रूजने सीमा ओलांडून व्हिएतनामच्या बा चुक गावात तीन हजारांहून अधिक गावकरी मारले. २५ डिसेंबर १९७८ रोजी व्हिएतनामी फौजा कंबोडियात शिरल्या, ७ जानेवारीला नॉम पेन्ह पडले. फेब्रुवारीत चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनच्या दौऱ्यावर होते आणि दौरा अर्धा टाकून परतले. आता घोषणा कोणाच्या नावाची द्यायची? 'तोमार नाम' कोण आणि 'आमार नाम' कोण? कंबोडियासाठी निघालेला एकही मोर्चा मी या शहरात पाहिला नाही. याआधी १९७१ मध्येही हाच पेच पडला होता. 'चीनचे अध्यक्ष आमचे अध्यक्ष' असे ज्यांनी भिंतींवर रंगवले होते, त्यांचे ते अध्यक्ष याह्याखानांच्या पाठीशी उभे राहिले. सगळ्यांची बोलती बंद!

चौथे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत बळकट. अड्डा तुटेल ही भीती. शनिवारचा चहा, लग्नकार्यात पाठीशी उभे राहणारे मित्र, आजारपणात रक्त देणारे साथी, हे सगळे एका वाक्याने जाईल. विचार बदलता येतो हो, माणसे कशी बदलणार?

आता गंमत पाहा. जानेवारी १९७९ नंतर आमच्याच अभ्यासमंडळात पोल पॉटच्या अत्याचारांवर भाषणे होऊ लागली! दोन वर्षांपूर्वी जो शत्रूचा प्रचार होता तो रातोरात सत्य झाला, कारण आता ते व्हिएतनाम सांगत होता. कवट्या त्याच होत्या, सांगणारे तोंड बदलले होते.

(टाळ्या)

थांबा, टाळ्या थोड्या राखून ठेवा. कारण याच वेळी पलीकडच्या बाजूला काय झाले तेही ऐका. जी अमेरिका पोल पॉटच्या नावाने बोटे मोडत होती, तिने आणि ब्रिटनने, चीनने, आग्नेय आशियातल्या शेजाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात कंबोडियाची खुर्ची हाकललेल्या खमेर रूजच्याच प्रतिनिधीकडे ठेवायला मत दिले. कारण व्हिएतनाम रशियाचा मित्र! लोकशाहीचे सगळे कैवारी, अळीमिळी गुपचिळी. १९७१ मध्ये ढाक्यातल्या कत्तलीवर निक्सन आणि किसिंजर असेच गप्प राहिले, कारण चीनचा दरवाजा त्यांना याह्याखान उघडून देत होते. १९७५ मध्ये इंडोनेशियाने पूर्व तिमोर गिळले, तेव्हा पाश्चात्त्य सरकारांना ते दिसले नाही. त्यावर सतत बोलत राहिले ते कोण? तेच चॉम्स्की! एकाच माणसाला एक कत्तल लख्ख दिसते आणि दुसरी धूसर. तेव्हा मौन हे डाव्यांचे पेटंट नाही. मग डाव्यांनाच का विचारायचे? कारण जगातल्या दुबळ्यांचा वकील मी, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. वकीलपत्र घेतलेल्या माणसाने अशील पाहून तोंड उघडू नये, एवढीच अपेक्षा.

आणि सरकार म्हणून आपण? १९५६ मध्ये ब्रिटन-फ्रान्सने सुएझवर हल्ला केला तेव्हा भारत कडाडून बोलला. हंगेरीबद्दल मात्र पंडितजी चाचरले, आणि हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध कृष्ण मेनन यांनी मत दिले. तेव्हा त्यांना जाहीरपणे टोकणारे होते जयप्रकाश नारायण; समाजवादी, म्हणजे घरचेच. इंग्लंडमध्ये इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी हंगेरीवरून पक्ष सोडला, डावेपण सोडले नाही. आपल्या मराठी माणसाचे उदाहरण द्यायचे तर श्रीपाद अमृत डांगे. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा 'समाजवादी देश आक्रमक कसा असेल' म्हणणारे साथी शेजारी बसलेले असताना त्यांनी चीनचा निषेध करणारी भूमिका घेतली. १९६४ मध्ये पक्ष फुटला, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक. डांग्यांच्या इतर सगळ्या गोष्टी मला मान्य नाहीत. पण ती एक आहे.

म्हणजे डाव्या विचारात राहूनही बोलता येते. बोलणारे होते. ते थोडे होते, आणि किंमत देऊन बोलले.

काही वर्षांपूर्वी मुलाच्या नोकरीमुळे बँकॉकला जाणे झाले. तिथून मी मुद्दाम नॉम पेन्हला गेलो. तूल स्लेंग पाहिले. ती एक शाळा होती. आपल्या दादरच्या किंवा भवानीपूरच्या कुठल्याही शाळेसारखी, तीन मजली, पुढे मैदान. वर्गांत विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम बसेल अशा कोठड्या केलेल्या. बारा हजारांहून अधिक माणसे तिथे आणली गेली. वाचलेली अगदी मोजकी. प्रत्येक कैद्याचा फोटो काढलेला. भिंतीभर ते चेहरे. त्यात लहान मुले आहेत. एका बाईच्या मांडीवर तान्हे मूल आहे. मी त्या फोटोंखालच्या तारखा पाहत होतो आणि मनात हिशोब चालू होता. हा फोटो काढला तेव्हा मी शनिवारचा चहा पीत होतो.

माझ्या बोलण्याने त्यातले एकही मूल वाचले नसते, हे मला कळते. पण मग मी १९६८ मध्ये तरी का ओरडलो होतो? त्या ओरडण्याला अर्थ होता असे म्हणायचे, तर या मौनालाही अर्थ आहे, आणि त्याचा हिशोब द्यावा लागतो.

परत आल्यावर दादांना भेटायला गेलो. नव्वदीला टेकले होते, दिसत कमी होते. मी सगळे सांगितले, तो न विचारलेला प्रश्नही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तो प्रश्न त्याच रात्री पडला होता रे. आईची आठवण आली होती. ती पळून येऊन सांगायची ते कोणी खरं मानत नव्हतं. तू विचारलं असतंस तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. तू का नाही विचारलंस?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दादा आता नाहीत. म्हणून आज आपल्यासमोर ते देतो आहे.

कंबोडियात न्यायासन बसले ते २००६ मध्ये. दुचला शिक्षा झाली २०१० मध्ये. ख्यू सांपानचे शेवटचे अपील फेटाळले गेले सप्टेंबर २०२२ मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनी. पोल पॉट १९९८ मध्येच जंगलात अंथरुणावर मेला. न्यायाला उशीर होतो. निदान साक्षीला तरी उशीर होऊ नये. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये पेटलेल्या युद्धात एक कोटीहून अधिक माणसे घरे सोडून गेली. त्यावर आपल्यापैकी कोणी, डाव्याने, उजव्याने किंवा मधल्याने, एक तरी सभा घेतली का? मीही नाही.

लोकमान्यांनी हा उत्सव सार्वजनिक केला तो चार माणसांनी एकत्र येऊन बोलावे म्हणून. बोलणे म्हणजे समोरच्याला आवडेल ते बोलणे नव्हे. पुढच्या वेळी एखाद्या विद्वानाला जोखायचे असेल, तर तो शत्रूबद्दल किती बोलतो हे मोजू नका. स्वतःच्या मंडळात, स्वतःच्या माणसांसमोर, त्यांना नको असलेले एक तरी वाक्य तो कधी बोलला आहे का, एवढे पाहा. आणि घरी गेल्यावर, प्रसाद खाऊन झाल्यावर, तीच कसोटी स्वतःला लावून पाहा. उद्या कोणी कात्रण घेऊन आपल्या या मंडळात आला, तर त्याला चहा जरूर द्या. पण आधी त्याचे ऐकून घ्या.

विद्येचा आणि बुद्धीचा दाता समोर बसला आहे. त्याचे कान सुपाएवढे आहेत, ते उगाच नाहीत. आपल्यालाही तसे ऐकण्याची आणि ऐकल्यावर बोलण्याची बुद्धी तो देवो.